फोन देऊ नका, जोडणी वाटा

(बारामती-इंदापूरच्या जिरायत भागातील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, कर्ज आणि वीजबिल हे आपल्या बैठकीचे ठरलेले विषय. आज मला बोलायला सांगितले आहे ते मोबाईलमधल्या इंटरनेटवर. एकाच्या फोनमधले इंटरनेट चार जणांनी मिळून कसे वापरायचे, ज्याला पोरे हॉटस्पॉट म्हणतात, त्यावर. विषय ऐकून मागच्या रांगेत काही जण हसले. हसण्याचे कारण नाही. गेल्या चार-पाच वर्षांत शेतकऱ्याच्या हातात येणारा पैसा हळूहळू या एका खिडकीतून यायला लागला आहे. ज्याची खिडकी बंद, त्याचा माल कितीही चोख असला तरी तो रांगेच्या बाहेर.

दोन उदाहरणे देतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पिकाचा पेरा तलाठी लिहीत असे. तो रानात येऊन लिही की चावडीत बसून लिही, तो भाग वेगळा. आता शेतकऱ्याने स्वतः आपल्या रानात उभे राहायचे, मोबाईलमध्ये पिकाचा फोटो काढायचा आणि तो वर चढवायचा. नोंद झाली तर सातबाऱ्यावर पीक लागते. सातबाऱ्यावर पीक नसेल तर हमीभावाच्या खरेदीत, नुकसानभरपाईत, कर्जात, जिथे जाल तिथे पहिला प्रश्न येतो, 'पेरा कुठे आहे?' शाळू डोक्याएवढा उभा आहे, कणसे भरली आहेत, आणि कागद म्हणतो रान पड आहे.

दुसरे उदाहरण कापसाचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. पण कापूस महामंडळाच्या केंद्रावर माल घालायचा तर त्याआधी 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नाव नोंदवायचे, असा नियम त्याच हंगामापासून आला. त्याच वर्षी, १९ ऑगस्ट २०२५ पासून, परदेशी कापसावरची ११ टक्के आयात कर उचलला गेला आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. म्हणजे आपली बोंडे फुटायच्या वेळेला एका हाताने आयातीचे दार उघडले, आणि दुसऱ्या हाताने हमीभावाच्या दाराला मोबाईलचे कुलूप घातले. कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात? ज्याच्या फोनला डेटा आहे, रेंज आहे आणि ज्याला तो चालवता येतो, त्याच्या.

आयातीविरुद्ध आपण लढतो आहोत, लढत राहू. पण लढाई चालू असताना कुलूप उघडायला शिकायचे नाही, असे कुठे लिहिले आहे?

पाटाखालचा आणि पाटावरचा

बारामती-इंदापूरचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला वाहू लागला आणि तेव्हापासून या दोन तालुक्यांत दोन देश झाले. एक पाटाखालचा, एक पाटावरचा. सुपे, मोरगाव, लोणी भापकरचा माळ, शिर्सुफळ-उंडवडीकडचा पट्टा, इंदापुरात लाकडी, निंबोडी, शेटफळगढे, हे आपले जिरायत. शरद जोशींनी 'इंडिया' आणि 'भारत' असा फरक सांगितला. तो फरक एका तालुक्याच्या आतसुद्धा असतो, हे आपल्याइतके कोणाला माहीत?

आता पाहा. २०२४ मध्ये बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेवर ऊस पिकवण्याचे प्रयोग जगापुढे मांडले. मायक्रोसॉफ्ट, ऑक्सफर्ड विद्यापीठ यांची नावे त्यात आहेत. उपग्रहातून रान बघायचे, जमिनीत यंत्र पुरायचे, आणि पाणी कधी, खत किती, हे शेतकऱ्याला मोबाईलवर सांगायचे. चांगली गोष्ट आहे. शेतकऱ्याच्या हातात नवे तंत्र येत असेल तर आपण त्याच्या आडवे जाणारे नाही. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य ही तर आपलीच मागणी. पण प्रश्न असा आहे की पाण्यासारखेच हे नवे पाणीसुद्धा आधी पाटाखाली जाणार आणि आपण पुन्हा वर उभे राहून बघणार का? पाण्याच्या बाबतीत आपला इलाज नव्हता, उताराच्या विरुद्ध पाणी चढत नाही. इंटरनेटला उतार नसतो. ते माळावरही येते. ते आणायचे आणि वाटायचे कसे, एवढेच शिकायचे आहे.

हॉटस्पॉट म्हणजे काय

आपल्याकडे तीन भावांत एक विहीर असते. मोटर एक, पाइपलाइन एक, रान तिघांचे. पाळी ठरलेली असते. आज थोरल्याची दारे, उद्या मधल्याची, परवा धाकट्याची. विहीर एकाच्या गटात असली तरी पाणी तिघांचे.

हॉटस्पॉट हे तसेच आहे. ज्या फोनमध्ये डेटाचा रिचार्ज आहे तो फोन विहीर. तो टॉवरकडून इंटरनेट ओढतो. सेटिंगमध्ये जाऊन हॉटस्पॉट चालू केला की तोच फोन आपल्याभोवती एक लहानसा वायफाय पसरतो. दुसऱ्याने आपल्या फोनमधले वायफाय चालू करायचे, यादीत त्या हॉटस्पॉटचे नाव दिसते, पासवर्ड टाकायचा, झाले. दुसऱ्याच्या फोनमध्ये डेटाचा एक पैशाचा रिचार्ज नसला तरी त्याचे इंटरनेट चालू होते. संगणक असेल तर तोही जोडता येतो. फोन आणि संगणक चार्जिंगच्या वायरीने जोडूनही हे करता येते. त्यात बॅटरी उतरत नाही आणि जोडणीही पक्की राहते. ब्लूटूथनेही होते, पण धार बारीक.

ही सोय फोनमध्ये २०१० च्या सुमारापासून आहे. नवीन काही विकत आणायचे नाही. ज्यांच्या घरी साधा टचस्क्रीन फोन आहे त्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात ही विहीर आहे, फक्त तिच्यावर झाकण आहे.

मध्यरात्रीचाही एक हिशेब आहे. रोज दीड किंवा दोन जीबीचा पॅक घेतला की त्या दिवशी जे वापरले नाही ते रात्री बाराला संपते. पाट चालू आहे, आपले भिजवून झाले, तरी दार बंद केले नाही, आणि पाणी ओढ्याला गेले. शेजाऱ्याचे रान मात्र कोरडे. हे पाण्याचे झाले असते तर आपण त्या माणसाला गावात उभे केले नसते.

किती लागते, किती पुरते

हिशेबाशिवाय आपण बोलत नाही, म्हणून हिशेब करू.

दोन जीबी म्हणजे साधारण दोन हजार एमबी. पिकाचा एक फोटो धरा तीन एमबी. एका खातेदाराचे फोटो आणि बाकीची माहिती मिळून दहा एमबी धरली, तरी वीस खातेदारांची पीक पाहणी दोनशे एमबीत होते. म्हणजे एका फोनच्या एका दिवसाच्या कोट्याचा दहावा हिस्सा. उलट एखाद्या पोराने तासभर सिनेमा बघितला तर त्यातच पाचशे ते हजार एमबी उडतात. व्हॉट्सॲपवरचा लिहिलेला निरोप तर खिजगणतीतही नाही.

याचा अर्थ सरळ आहे. कामाचे इंटरनेट फार थोडे लागते. एका वस्तीवर एक रिचार्ज असेल आणि तो कामाला ठेवला, तर वीस घरांची पीक पाहणी, वीस घरांची नोंदणी, वीस घरांचा हवामानाचा अंदाज त्यात सहज निघतो. जोडलेल्या फोनवर व्हिडिओ चालू झाला की मात्र विहीर तळाला जाते. म्हणून पाळीचा नियम लागतो. आधी काम, मग करमणूक.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप आहे. आपल्या जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगते. कापूस वेचायला बायका रानात पसरलेल्या असतात, मेंढरे माळावर असतात. त्यातल्या एका फोनला डेटा असेल आणि बाकीचे त्याला जोडलेले असतील, तर एकाच वेळी सगळ्यांना कळते. इथे प्रश्न जीबीचा नाही, जिवाचा आहे.

फोन देऊ नका

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

तुम्ही म्हणाल, हॉटस्पॉटची भानगड कशाला? ज्याच्याकडे डेटा आहे त्याच्याच फोनवरून नोंदणी करून टाकली की झाले. गावोगाव हेच चालले आहे. एखादा पुढारी, एखादा दुकानदार, एखादा व्यापाऱ्याचा माणूस आपल्या फोनवरून पन्नास जणांच्या नोंदी करून देतो. उपकार म्हणून. पण नोंदणीत मोबाईल नंबर कोणाचा पडला, ते बघा. नंबर त्याचा पडला की ओटीपी त्याला जाणार. खरेदीची तारीख त्याला कळणार. पैसे जमा झाले की नाही, अर्ज नामंजूर झाला की काय, सगळा निरोप त्याच्या खिशात. कापूस तुमचा, सातबारा तुमचा, आधार तुमचा, आणि निरोप मात्र दुसऱ्याच्या घरी. हे टपाल दुसऱ्याच्या पत्त्यावर मागवण्यासारखे आहे.

सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे आपल्या आजोबांना वाचता येत नव्हते. आपण शाळेत गेलो, वाचायला शिकलो. आता वही पुन्हा दुसऱ्याच्या खिशात जाऊ द्यायची?

म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात असे: फोन देऊ नका, फोन मागू नका, जोडणी वाटा.

आणि हे करता येते ते कसे, तेही समजून घ्या. ओटीपी येतो तो साध्या मेसेजने. मेसेजला डेटा लागत नाही. तुमच्या सिमला बोलण्याइतकी रेंज आणि बोलण्यापुरता रिचार्ज असला तरी ओटीपी येतो. जुलै २०२४ मध्ये खासगी मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामकाने कंपन्यांना सांगितले की ज्याला डेटा नको त्याच्यासाठी फक्त बोलणे आणि मेसेज एवढाच पॅक ठेवा. २०२५ च्या सुरुवातीपासून तसे पॅक मिळू लागले. आपल्यातले पुष्कळ जण तोच टाकतात, कारण रोजचा डेटा त्यांना परवडत नाही आणि लागतही नाही. त्यांनी काय करायचे? स्वतःचा फोन, स्वतःचे सिम, स्वतःचा नंबर. ओटीपी आपल्या सिमवर घ्यायचा, आणि इंटरनेट तेवढे शेजाऱ्याच्या हॉटस्पॉटवरून घ्यायचे. नोंद आपल्या नावाने, आपल्या नंबरावर. शेजाऱ्याकडून फक्त पाणी घेतले. दार आपणच धरले.

पीक पाहणीला रानात उभे राहावे लागते, तिथे शेजारी कुठून आणायचा? त्यालाही उत्तर आहे. डेटा असलेला माणूस बांधाबांधाने बरोबर चालला की झाले. तुमचे रान तुमचा फोन उपग्रहाकडून ओळखतो, त्याला इंटरनेट लागत नाही. फोटो वर चढवायला लागते ते बरोबरच्या माणसाच्या खिशातून मिळते. एका सकाळी एका शिवाराचे दहा-पंधरा गट उरकतात. पेरणीला इर्जिक घालतो, तशी ही पीक पाहणीची इर्जिक घालायची.

ज्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, ज्यात वायफायच नाही, त्यांना हॉटस्पॉटचा उपयोग नाही. त्यांची नोंद दुसऱ्याच्या फोनवरून करावी लागेल. ई-पीक पाहणीत एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. पण तिथेही ती घरच्या माणसाच्या फोनवरून करा, आणि नंबर विचारला तर आपलाच द्या. ओटीपी कोणालाही फोनवरून सांगू नका, मग समोरचा बँकेचे नाव सांगो नाहीतर कृषी खात्याचे.

लक्ष्मीच्या हातात

मायबहिणींनो, तुमच्याशी दोन शब्द वेगळे बोलायचे आहेत.

१९८६ मध्ये चांदवडला आपल्या बायका लाखांनी जमल्या होत्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम झाला. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या, असे शरद जोशींनी सांगितले आणि हजारो शेतकऱ्यांनी ते केले. आता त्या तुकड्याची पीक पाहणी कोण करते? सातबारा तिच्या नावावर, आणि नंबर त्याचा!

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारले गेले की तुम्ही कधी इंटरनेट वापरले आहे का. देशात शंभरांतल्या सत्तावन्न पुरुषांनी हो म्हटले आणि फक्त तेहतीस बायकांनी. हा फरक अकलेचा नाही. घरात एकच रिचार्ज परवडतो आणि तो फोन धन्याबरोबर बाजाराला जातो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरोघर हेच झाले. फोन एक, पोरे तीन, आणि ज्याची पाळी शेवटची ती बहुतेक पोरगीच.

घरात दुसरा जुना फोन पडलेला असतो. त्यात सिम नसले तरी वायफाय चालते. मालक घरी आला की त्याच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, आणि आईने, सुनेने, पोरीने आपापल्या फोनवर काम करायचे. त्यासाठी मालकाला फोन हातातून सोडावा लागत नाही. मला वाटते, त्यामुळेच हे घराघरांत पटेल. जमीन लिहून देण्यापेक्षा हे किती सोपे आहे, भावांनो! तेही आपल्यातल्या हजारोंनी केले.

वाटण्याचा हक्क

काही जण विचारतात, कंपनीचे इंटरनेट दुसऱ्याला दिले तर चोरी होते का?

आपल्याकडच्या नेहमीच्या प्रीपेड पॅकमध्ये हॉटस्पॉटने वापरलेला डेटा त्याच तुमच्या कोट्यातून वजा होतो. दोन जीबीचे पैसे दिले, दोन जीबी मिळाले. ते एका फोनवर संपले की चार फोनांवर, कंपनीचे काय गेले? पण कंपन्यांना हे नेहमी रुचते असे नाही. अमेरिकेत व्हेरायझन नावाच्या मोठ्या कंपनीने लोकांना फोनमधले इंटरनेट दुसऱ्या यंत्राला जोडू देणारी ॲप बाजारातून अडवली होती, कारण तिला त्या सोयीचे वेगळे पैसे हवे होते. तिथल्या दळणवळण आयोगाने चौकशी केली आणि २०१२ मध्ये कंपनीला साडेबारा लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावे लागले.

आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटते की नाही? १९७२ पासून या राज्यात एकाधिकार कापूस खरेदी होती. आपणच पिकवलेला कापूस राज्याच्या हद्दीबाहेर नेला की गुन्हा. उसाला झोनबंदी होती. माल तुमचा, पण तो कुठे न्यायचा हे दुसरा ठरवणार. बियाण्याच्या बाबतीत २००१ चा पीक वाण संरक्षण कायदा आला. त्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या रानातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याशी अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला. फक्त कंपनीच्या छापाने ते विकायचे नाही. शेजाऱ्याला बी देणे हा आपला जुना धर्म आहे, तो कायद्यात लिहून घ्यावा लागला. विकत घेतलेली वस्तू कोणाबरोबर वापरायची हे घेणाऱ्याने ठरवायचे, हे तत्त्व बियाण्याला लागू आहे तसे डेटालाही लागू असले पाहिजे.

मात्र एक फरक ध्यानात ठेवा. वस्तीवर वर्गणी काढून एक रिचार्ज टाकणे वेगळे आणि इंटरनेटचे दुकान मांडणे वेगळे. दुकान मांडायचे असेल तर त्यालाही सरळ वाट आहे. ९ डिसेंबर २०२० ला केंद्र सरकारने पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. जुन्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथसारखे, किराणा दुकानदारालाही बिगर लायसन्स वायफाय विकता येते. लायसन्स-परमिटच्या राज्यात एखादे दार विनालायसन्सचे उघडले असेल, तर आपल्या पोरांनी त्यातून आत जायला काय हरकत आहे?

पासवर्ड आणि जबाबदारी

विहिरीला कठडा लागतो, तसा हॉटस्पॉटला पासवर्ड लागतो. कमीत कमी आठ अक्षरांचा ठेवा. १२३४५६७८ ठेवू नका, आणि आपला मोबाईल नंबरही ठेवू नका. हॉटस्पॉटच्या नावात स्वतःचे नाव-आडनाव घालू नका. एकदा पासवर्ड दिला की समोरचा फोन तो लक्षात ठेवतो आणि पुन्हा जवळ आला की आपोआप जोडला जातो. म्हणून गावकीचे काम संपले की पासवर्ड बदला.

ज्याच्या नावावर सिम, त्याच्याकडे आधी विचारणा होते. तुमच्या हॉटस्पॉटवरून कोणी उद्योग केला, तर पोलीस पहिल्यांदा तुमचे दार वाजवतील. ओळखीच्यालाच जोडा. किती फोन जोडले आहेत हे हॉटस्पॉटच्या पानावर दिसते, अधूनमधून बघा. आणि अनोळखी ठिकाणच्या उघड्या वायफायवरून पैशांचे व्यवहार करू नका.

जोडणारा फोन जुना असेल आणि हॉटस्पॉट दिसत नसेल, तर सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडा. जुन्या फोनांना तोच दिसतो, आणि तो भिंतीपलीकडेही बरा जातो. खोलगटात रेंज तुटत असेल तर डेटाचा फोन उंचावर ठेवा. माळवदावर, नाहीतर लिंबाच्या फांदीला पिशवीत. वर रेंज सापडते, आणि त्याचे वायफाय खाली पन्नास-शंभर फुटांत काम देते. फक्त उन्हात ठेवू नका, फोन तापून बंद पडतो. संगणक जोडलात तर त्याचे आपोआप होणारे अपडेट आधी थांबवा, नाहीतर तो एकटाच दिवसाचा कोटा गिळतो.

विहिरीलाच पाणी नसेल तर

आता दुसरी बाजू. हॉटस्पॉट इंटरनेट तयार करत नाही, असलेले वाटतो. विहीरच कोरडी असेल तर पाळी कसली लावणार? ज्या वाडीवर कोणत्याच कंपनीची रेंज नाही, तिथे आजचे माझे भाषण निरुपयोगी आहे, हे मी मान्य करतो. तिथे मागणी करावी लागेल.

गावागावांत तारेने इंटरनेट नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचेच नाव भारतनेट झाले. २०२३ मध्ये तिच्या पुढच्या टप्प्याला सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. हा पैसा कोणाच्या नावाने मंजूर झाला? आपल्या. मग ग्रामसभेत उभे राहून विचारा: आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत तार आली आहे का? आली असेल तर चालू आहे का? चालू असेल तर ती ग्रामसेवकाच्या टेबलापाशी का थांबते?

आम्हाला फुकट वायफाय नको. फुकटाच्या योजना कशा येतात आणि निवडणुकीनंतर कशा जातात ते आपण पाहिले आहे. आम्ही पैसे देतो, जोडणी द्या. आणि जोपर्यंत देत नाही, तोपर्यंत मोबाईल नाही म्हणून कोणाचा कापूस नाकारायचा नाही, फोटो चढला नाही म्हणून कोणाचा पेरा नाकारायचा नाही. नोंदणीची सक्ती करायची तर नोंदणीची सोयही सक्तीने करा. ही आपली मागणी राहील.

वारणेचा अनुभव यात उपयोगी आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात सुमारे सत्तर गावांत संगणक बसवले गेले. देशभर गाजावाजा झाला. शेतकऱ्यांनी त्या संगणकाचा उपयोग मुख्यतः कशासाठी केला? माझ्या उसाचे वजन किती झाले, माझे पैसे किती, एवढ्यासाठी. पुढे २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिले आणि तेच काम मोबाईलच्या साध्या मेसेजवर करून दाखवले. यातून घ्यायचे ते एवढेच: यंत्र किती मोठे याला महत्त्व नाही. माझे वजन, माझा भाव, माझे पैसे मला माझ्या हातात कळतात की नाही, याला महत्त्व आहे.

काय करायचे

आपल्या शेजारी पुरंदरला, नायगावात, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. त्यांनी पाणी जमिनीवर वाटले नाही, माणशी वाटले. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. खर्चाचा हिस्सा मात्र प्रत्येकाने द्यायचा. फुकट काही नाही आणि वगळलेले कोणी नाही. जिरायत माणसाला शोभणारा हा नियम आहे. तोच आपण इथे लावू.

प्रत्येक वाडीवर दोन डेटाचे फोन ठरवा, दोन वेगळ्या कंपन्यांचे. एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची असते. त्यांच्या रिचार्जला वर्गणी काढा आणि हिशेब वहीत लिहा. उपकार म्हणून कोणी देऊ नये, भीक म्हणून कोणी घेऊ नये.

पीक पाहणीची मुदत सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात शिवारफेरी काढा. शेवटच्या दिवसांत सगळा महाराष्ट्र एकदम चढवायला लागतो, तेव्हा फोटो अडकतात. फेरीत प्रत्येकाने आपलाच फोन हातात धरायचा. ज्याला येत नाही त्याला पोरांनी शिकवायचे, त्याच्या हातून फोन काढून घ्यायचा नाही. नोंद झाल्यावर ती चढल्याची खूण पाहायची आणि त्या पानाचा फोटो ठेवायचा. पुढे तलाठी नाही म्हणाला तर तोच पुरावा.

बाईच्या नावावर रान असेल तर नोंद तिच्या फोनवरून, तिच्या नंबरावर. फोन नसेल तर घरातला जुना फोन तिला द्या.

आणि फेरी झाली की एक यादी करा. कोणत्या वाडीवर, कोणत्या ओढ्याला, कोणत्या कंपनीची रेंज येत नाही. किती जणांचे फोटो चढले नाहीत. किती जणांची नोंद दुसऱ्याच्या नंबरावर पडली. सही-अंगठ्यासह ती यादी तहसीलदारांना द्या आणि एक प्रत आपल्या पुढच्या बैठकीत आणा. बारामती आणि इंदापूरच्या सगळ्या याद्या एकत्र आल्या की जिरायत पट्ट्याचा नकाशा तयार होईल. तो नकाशा घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ, आणि मग भारतनेटच्या पैशांचा हिशेब मागू.

शरद जोशी टपाल खात्यातून आले होते. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जगाच्या टपाल संघटनेत नोकरी करून ते १९७७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चाकणजवळ आंबेठाणला, कोरडवाहू रान करायला आले. निरोप वेळेवर पोचला नाही की काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. कांद्याचा भाव बाजारात पडतो आणि शेतकऱ्याला तो गाडी रिकामी केल्यावर कळतो, हे त्यांनी चाकणच्या बाजारात पाहिले आणि तिथूनच ही चळवळ उभी राहिली.

आज निरोप खिशात येतो. तो आपल्या खिशात यावा, दुसऱ्याच्या नाही. रब्बीची पाहणी येईल तेव्हा कोणत्या वाडीची फेरी कोणत्या दिवशी, हे उठण्यापूर्वी इथेच ठरवा. वही माझ्याकडे आहे. एकेका गावाने पुढे यावे आणि तारीख सांगावी.